त्या एका शब्दाखालची टिंबं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत: माझ्या कादंबऱ्यांतली माणसं खरी असतात का, लिहायची प्रेरणा कुठून मिळते, आणि पात्रं लेखकाच्या हातून सुटून आपल्या मनाने वागू लागतात हे खरं का. शेवटी जाता जाता तुम्ही असंही लिहिलं आहे की तुमची स्वतःची कादंबरी ऐंशी पानांवर अडकली आहे आणि नायिका जागची हलत नाही. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पण त्याच्याकडे मी शेवटी येईन, कारण तिथे पोचायची वाट तुमच्या पहिल्या तीन प्रश्नांमधूनच जाते.

ज्या माणसाविषयी मला सगळं ठाऊक आहे, त्याच्यावर मला कधीही लिहिता आलेलं नाही. आईवर लिहायला मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा दहा-बारा पानांत उठले. तिथे शोधण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, आठवून उतरवायचं तेवढं होतं. उलट ज्या माणसाविषयी मला एखादीच गोष्ट ठाऊक असते आणि ती गोष्ट मला उलगडलेली नसते, तिथे माझं पात्र सुरू होतं. प्रेरणा म्हणून जे काही म्हणतात, ते माझ्यापुरतं एवढंच आहे. एक घडलेलं दृश्य सांगते.

माझा पहिला कथासंग्रह छापायला गेला तेव्हा खिळ्यांचे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापणारे, छापखाने एकेक करून बंद पडू लागले होते. माझं पुस्तक मात्र खिळ्यांवरच जुळलं. गॅली प्रूफं, म्हणजे पानं पाडायच्या आधीचे ते लांबलचक कागद, आधी छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाई तपासत आणि मग ती माझ्याकडे येत. बाईंना मी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं काम तेवढं समोर येई. तांबड्या शाईतल्या बारीक खुणा, समासात नेमक्या ओळीसमोर लिहिलेलं अक्षर, कुठे गिचमीड नाही. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी इतक्या शांतपणे वेचून काढल्या होत्या की लाज वाटण्याऐवजी मला हायसं वाटलं.

एका कथेच्या शेवटी एक वाक्य होतं: 'घरात कोनी नव्हतं.' निवेदनातलं वाक्य, कुणाच्या तोंडचं नव्हे. 'कोणी'चं 'कोनी' माझ्याच हातून घाईत झालेलं. बाईंनी त्यातला 'न' खोडून समासात 'ण' लिहिला होता. मग तो 'ण' त्यांनी स्वतःच खोडला होता आणि 'कोनी'खाली ओळीने टिंबं दिली होती. मुद्रितशोधनात शब्दाखाली अशी टिंबं दिली की त्याचा अर्थ ठरलेला असतो: दुरुस्ती रद्द, मूळ आहे तसं राहू द्या.

अख्ख्या संग्रहात त्यांनी जाणूनबुजून राहू दिलेली ही एकच चूक.

मी तेव्हा पंचविशीत होते. नजरचूक असेल असं समजून मी 'कोणी' करून टाकलं आणि पुस्तक छापून आलं. पुढे काही कामासाठी छापखान्यात गेले तेव्हा बाई दिसल्या. खिडकीपाशी टेबल, कागदावर आडवी लाकडी पट्टी, मान खाली. मी जवळ जाऊन त्या शब्दाबद्दल विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "तुम्ही केलंत ना दुरुस्त? मग झालं तर." आणि पट्टी एक ओळ खाली सरकवली.

एवढंच घडलं. त्यानंतर आमची भेट नाही.

या प्रसंगावर मी आधी एक कथा लिहिली. तिच्यात मी कारण देऊन टाकलं: बाईंची आई 'कोनी' म्हणायची, आई गेली, त्या शब्दात बाईंना तिचा आवाज ऐकू आला, म्हणून त्यांनी तो राहू दिला. कथा छापून आली, वाचकांना आवडली, काहींनी डोळ्यांत पाणी आलं म्हणून कळवलं. माझ्या मनाला मात्र ती लागून राहिली. बाईंनी ज्या शब्दाखाली टिंबं दिली होती, त्या शब्दावर मी दुसऱ्यांदा काट मारली होती. पहिल्यांदा चूक समजून आणि दुसऱ्यांदा कारण पुरवून. कारण गोड होतं, शक्यही होतं, पण ते मी पाच मिनिटांत सुचवलेलं होतं. आणि जे पाच मिनिटांत सुचतं ते बहुधा आपण आधी कुठेतरी वाचलेलं असतं.

त्याच टिंबांवरून माझी कादंबरी सुरू झाली ती त्यानंतर सात वर्षांनी. मधल्या काळात एका ओळखीच्या गृहस्थांनी, जे त्या छापखान्यात जात-येत असत, मला त्या बाईंची सगळी हकिगत सांगायची तयारी दाखवली. "तुम्हाला फार उपयोग होईल," म्हणाले. मी त्यांना थांबवलं. ते दुखावले असणार. मला पुढे कळलं की कादंबरीकार हेन्री जेम्सचंही असंच झालं होतं. 1893च्या नाताळच्या सुमारास जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाईंनी त्याला सहज एक गोष्ट सांगितली: एक आई आणि तिचा एकुलता मुलगा, वडिलांच्या मागे मुलाकडे गेलेलं घर, आणि त्यातल्या मौल्यवान सामानावरून दोघांचं चाललेलं भांडण. दहाएक शब्दांत जेम्सला आपली कादंबरी दिसली. बाई मात्र उत्साहाने पुढचं सगळं सांगत सुटल्या आणि याला ते ऐकवेना. प्रत्यक्ष आयुष्य ती गोष्ट पुढे कशी बिघडवून टाकतं, हेच तो ऐकत बसला होता. 1908 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने हे सांगितलं आहे. ते वाचल्यावर मला त्या गृहस्थांना थांबवल्याची टोचणी कमी झाली.

टॉलस्टॉयचं उदाहरण याच्या उलट वाटेल. जानेवारी 1872मध्ये त्याच्या घराजवळच्या रेल्वे स्थानकावर एका बाईने मालगाडीखाली जीव दिला. अ‍ॅना पिरोगोवा हे तिचं नाव. शेजारच्या जमीनदाराबरोबर ती राहत होती आणि तो दुसरीकडे वळला होता. टॉलस्टॉय स्वतः जाऊन तिचा देह बघून आला. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं: कोण, का, कुणामुळे. तरी लिहायला तो वर्षभराने, 1873मध्ये बसला, आणि जे लिहिलं त्यात, म्हणजे 'अ‍ॅना कारेनिना'त, त्या बाईचं नाव आणि तिचा शेवट एवढंच उरलं. घर वेगळं, माणसं वेगळी, समाजातली जागा वेगळी. तिची हकिगत त्याने बाजूला ठेवली आणि रुळांवरच्या त्या देहापर्यंत एक वेगळीच बाई कशी पोचली असेल, हे तो पुढची काही वर्षं शोधत राहिला. मला वाटतं, ठाऊक असलेलं बाजूला ठेवायला त्याला ते वर्ष लागलं असावं.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: खऱ्या माणसाची एक हालचाल खरी असते. चष्मा पुसणं खरं, टिंबं खरी. बाकी माणूस घडवावा लागतो.

आणि घडवायला माल लागतो. इथे मी माहितीच्या विरोधात बोलते आहे असं समजू नका. त्या बाईंच्या आयुष्याची माहिती मी नाकारली, त्यांच्या कामाची मात्र मिळेल तिथून गोळा केली. वर्षभर मी वेगवेगळ्या मुद्रितशोधकांच्या शेजारी बसले. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचतो आणि दुसरा प्रूफावर नजर ठेवतो, ही जुनी पद्धत मला तेव्हा ऐकायला मिळाली. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा वाचतो. "ती म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण बंद." आवाजात चढ नाही, उतार नाही. नेमका शब्द हवा असेल तर "पहिली वेलांटी", "दुसरा उकार". मरण असो, लग्न असो, सगळं त्याच एका पट्टीत. एका वयस्कर शोधकाने मला सांगितलं की अर्थात गुंतलं की चूक सुटते, म्हणून तो अवघड पान शेवटच्या ओळीकडून वर वाचत जातो.

या एका वाक्याने मला माझ्या कादंबरीची नायिका, कुसुम, दिली. (तिचं नाव आधी निर्मला होतं. चुका काढणारी ती निर्मला! नावातच लेखिकेचा हात दिसत होता. त्या काळात घरोघर सापडणारं एक साधं नाव मी तिला दिलं आणि ती माझ्यापासून थोडी लांब गेली, जशी ती जायला हवी होती.) कुसुम ही अर्थात न गुंतण्याची सवय लावून घेतलेली बाई. बावीस वर्षं रोज आठ तास. ही सवय संध्याकाळी छापखान्याच्या दारात काढून ठेवता येत नाही.

कादंबरी 1962मध्ये सुरू होते, त्यालाही कारण आहे. त्या वर्षी मराठी लेखनाचे नवे नियम सरकारने स्वीकारले. आधी चौदा होते, 1972मध्ये आणखी चार आले. नव्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'कांहीं'चं 'काही', 'नाहीं'चं 'नाही'. आज हा शालेय पुस्तकातला तपशील वाटतो. पण ज्या बाईने उमेदीची वर्षं सुटलेली टिंबं जागच्या जागी बसवण्यात घालवली, तिला एका वर्षापासून तीच टिंबं वेचून काढायला सांगितलं, तर तिच्या हाताचं काय होत असेल? मी ते प्रकरण लिहिताना जुन्या छापील पानावर खरोखर तांबडी पेन्सिल घेऊन बसले आणि दोनशे-अडीचशे अनुस्वार खोडले. तासाभराने एक विचित्र गोष्ट घडली. खोडलेल्या शब्दांकडे बघताना मला ते उघडे वाटू लागले. कुसुमला तसं वाटतं, असं मी लिहिलेलं नाही. त्या दिवसापासून ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊ लागते, एवढं लिहिलं आहे. वाचकांपैकी फार थोड्यांनी ते टिपलं. ज्यांनी टिपलं त्यांची पत्रं मी जपून ठेवली आहेत.

आता तुमचा तिसरा प्रश्न. पात्रं आपल्या मनाने वागतात का?

हे मी अनेक लेखकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते खोटं बोलतात असं मला वाटत नाही. पण असं सांगितलं की नव्याने लिहिणाऱ्याचं नुकसान होतं. तो पात्र कधी बोलू लागेल याची वाट बघत बसतो. माझा अनुभव वेगळा आहे. पात्र काही करत नाही. आधी लिहिलेली वाक्यं करतात. साठाव्या पानावर तुम्ही जे लिहिता ते दोनशेव्या पानावर तुमचा हात धरतं.

कुसुमच्या शेजारी बसून हस्तलिखित वाचणारा एक माणूस कादंबरीत आहे. त्याचं आणि तिचं जमेल, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते. तसा आराखडा भिंतीवर लावलेला होता. सव्वीस प्रकरणं, त्यातल्या अठराव्यात तो तिला विचारतो. ते प्रकरण मी पाच वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी त्याचं बोलणं नाटकातलं वाटायचं. मग मी मागे जाऊन पहिल्यापासून वाचलं, आणि तिसऱ्या प्रकरणात मीच लिहिलेलं एक वाक्य सापडलं: 'त्याच्या आवाजात काहीच नसे, म्हणून तिला तो दिवसभर सहन होई.' हे वाक्य मी सहज लिहिलं होतं, शोधकांच्या शेजारी बसताना ऐकलेल्या त्या सपाट आवाजावरून. पण ते एकदा लिहिल्यावर हा माणूस तिच्याशी भावनेने बोलूच शकत नव्हता. त्याच्या आवाजात काही आलं की तिला तो असह्य होणार, हे मीच ठरवून बसले होते. सहाव्या वेळी मी त्याला विचारायला लावलं, पण त्याच सपाट पट्टीत, हस्तलिखितामधून वाचल्यासारखं, विरामचिन्हांसकट. "घरी आई आहे स्वल्पविराम दोन खोल्या आहेत स्वल्पविराम तुम्ही याल का प्रश्नचिन्ह." आणि कुसुम सवयीने प्रूफावर नजर फिरवते. तिथे हे वाक्य नसतं.

ते लिहून झालं तेव्हा मी टेबलावरून उठले आणि घरभर फिरले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की पात्र आपलं आपण बोललं. पण तसं नाही. तिसऱ्या प्रकरणाने अठराव्याला ओढून आणलं. मला त्यात फक्त मागे जाऊन वाचायचं आणि माझा आराखडा भिंतीवरून काढायचा, एवढंच करावं लागलं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने 1927मध्ये केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत सपाट पात्रं आणि भरीव पात्रं असा भेद केला होता. भरीव पात्राची त्याची कसोटी अशी की ते आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं का. यात चकित करणं सोपं आहे. पटण्याची सोय मात्र आधीच्या शंभर पानांत करून ठेवावी लागते, आणि पुष्कळदा ती आपल्या नकळत झालेली असते. म्हणून अडले की मी पुढचा विचार करत नाही, मागचं वाचते. मोठ्याने वाचते. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं ओरडून म्हणून बघत असे. मला ओरडावं लागत नाही, पण डोळ्यांना न दिसलेलं कानाला लागतं, हे मात्र खरं.

याच कादंबरीतलं आणखी एक दृश्य सांगते, कारण त्याबद्दल मला सर्वांत जास्त विचारलं जातं. कुसुमला धाकट्या बहिणीचं पत्र येतं. ती ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून वाचते. वाचताना सवयीने अंगठ्याच्या नखाने चुकांवर खुणा करत जाते. एक वेलांटी, एक सुटलेली मात्रा, एक 'आणि' दोनदा. पत्र संपतं. घडी करून ती ते डब्याखाली ठेवते आणि भांडी घासायला बसते. तिसरं भांडं हातात असताना तिला कळतं की पत्रात वडील गेल्याचं लिहिलं होतं.

हे दृश्य पहिल्या खर्ड्यात नव्हतं, दुसऱ्यातही नव्हतं. तिथे वडिलांचं जाणं तारेने कळत होतं आणि ती रडत होती. ते रडणं मी नीट लिहिलं होतं, पण ते कुणाही मुलीचं रडणं होतं. तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी शोधकाचं ते 'अर्थात गुंतलं की चूक सुटते' माझ्या वहीत पुन्हा समोर आलं, आणि मी तारेचं पत्र केलं. बाकीचं त्या दुपारी एका बैठकीत लिहून झालं. त्यानंतर तीन दिवस मी काही लिहिलं नाही.

निवेदनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडं सांगते, कारण तुमची ऐंशी पानं 'मी'मध्ये आहेत. मीही कुसुमची कादंबरी आधी 'मी'मध्येच लिहिली. एकशे चाळीस पानं. मराठीत 'मी' ही फार उघडी गोष्ट आहे. 'मी पत्र वाचलं' इथवर निवेदक पुरुष की स्त्री हे झाकून राहतं, पण 'मी गेले' म्हणताक्षणी सगळं कळतं. म्हणूनच हरिभाऊ आपट्यांनी जे केलं ते मला अजून थक्क करतं. सव्विशीच्या आसपासचा हा पुरुष 1890मध्ये स्वतः सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकात एका विधवा मुलीची कहाणी क्रमशः लिहायला घेतो आणि ती तिच्याच तोंडून सांगतो. प्रत्येक 'आले', 'गेले', 'बसले' लिहिताना त्यांना आपल्या सवयीचा ओ पुसून तिथे मात्रा द्यावी लागली असेल. स्त्रीच्या मनात शिरणं वगैरे आपण मोठ्या शब्दांत म्हणतो. ते प्रत्यक्षात एकेका क्रियापदावर घडत जातं.

माझा प्रवास उलटा झाला. मी 'मी' सोडून 'ती'कडे गेले. वरवर पाहता काम सोपं होतं: 'मी बसले'चं 'ती बसली', मात्रेची वेलांटी केली की झालं. चाळीसेक पानं तशी करत गेले आणि मग काही वाक्यं हटून बसली. 'मला भीती वाटली' हे तिच्या तोंडी कबुलीसारखं वाटत होतं. 'तिला भीती वाटली' केल्यावर ती मी दिलेली बातमी झाली. अशी जितकी वाक्यं निघाली तितकी मी खोडली. त्यांच्या जागी काही घातलं नाही. एकशे चाळीसची एकशे दहा पानं झाली आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता ती बाई त्या खिडकीपाशी बसली आहे. जी दुसऱ्यांच्या शब्दांवर आयुष्यभर नजर ठेवते, ती स्वतःबद्दल 'मी मी' करून एवढं बोलेल, हेच मुळात मला पटत नव्हतं. तुमच्या नायिकेचं तसं असेलच असं नाही. पण एखादं प्रकरण 'ती'मध्ये करून बघा, आणि कुठली वाक्यं हटून बसतात त्यांची यादी करा. कादंबरी 'मी'मध्ये ठेवलीत तरी ती यादी उपयोगी पडेल.

'ती कुसुम म्हणजे तुम्हीच ना?' हा प्रश्न मला प्रत्येक कार्यक्रमात येतो. माझ्याबरोबर मंचावर बसलेल्या पुरुष लेखकाला त्याच्या नायकाबद्दल तो क्वचितच येतो. याचा मला अजूनही राग येतो. विभावरी शिरूरकर हे नाव 1933मध्ये छापून आलं तेव्हा त्याच्या आड मालतीबाई बेडेकर होत्या, आणि कथांपेक्षा त्यांच्यामागची बाई कोण याचाच शोध लोकांनी जास्त घेतला. स्त्रीने लिहिलं म्हणजे तिने सांगून टाकलं, तिने रचलं नाही, ही समजूत अजून गेलेली नाही. तुम्हालाही हे ऐकावं लागेल. त्या भीतीने नायिकेला स्वतःपासून मुद्दाम लांब नेऊ नका, तिला तुमच्यापेक्षा शहाणी करू नका आणि चांगलीही करू नका. मला शंका आहे की ऐंशी पानांत थोडं तसं झालं आहे.

रोज किती वेळ लिहिते, कुठे लिहिते, याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. सकाळी लिहिते, हाताने लिहिते, दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं जातं. फ्लोबेरला एका कादंबरीला जवळजवळ पाच वर्षं लागली. दस्तयेव्हस्कीने 1866च्या ऑक्टोबरमध्ये एक कादंबरी लघुलेखिकेला सांगून सव्वीस दिवसांत पुरी केली, कारण मुदत डोक्यावर होती. वेगावरून कुणाचं काही कळत नाही.

आता तुमची ऐंशी पानं. पत्रासोबत तुम्ही नायिकेची माहिती पाठवली आहे, चार पानं भरून. जन्म, शिक्षण, आईवडिलांचा स्वभाव, आवडता रंग, लहानपणीची जखम, तिला कशाची भीती वाटते आणि ती का वाटते. तुम्ही फार मेहनत घेतली आहे आणि तुमची ही बाई तुम्हाला जीव की प्राण आहे हे त्या पानांतून दिसतं. पण ती चार पानं वाचल्यावर मला कादंबरी वाचायची गरज उरली नाही. तिने काही केलं की त्याचं कारण त्या पानांत आधीच लिहिलेलं सापडतं. म्हणून ती हलत नाही. तिला हलायला मोकळी जागा ठेवलेलीच नाही. ते कागद फाडू नका, पण कुठेतरी अशा ठिकाणी ठेवा की उठून जाऊन आणावे लागतील.

आणि एकतिसावं पान काढा. नायिका दवाखान्यात जाते, नाव-पत्ता लिहून घेणारी मुलगी तिला वय विचारते, आणि ती तीन वर्षं जास्त सांगते. कमी नव्हे, जास्त. मग बाकावर जाऊन बसते आणि प्रसंग पुढे सरकतो. या जागेबद्दल तुम्ही पत्रात लिहिलं आहे, 'हे कसं आलं मला कळत नाही, तिच्या स्वभावात बसत नाही, काढून टाकणार आहे.'

काढू नका. ऐंशी पानांत मला फक्त तिथे थांबावंसं वाटलं. तुमच्या चार पानांच्या माहितीत या वाक्याला कुठे आधार नाही, आणि म्हणूनच ते तुमच्या हातून आलं तेव्हा तुम्ही तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघत होतात. त्या वाक्याखाली टिंबं द्या. त्यानंतरची एकोणपन्नास पानं बाजूला ठेवा आणि बाकावर बसलेल्या त्या बाईपासून पुन्हा सुरू करा. नोंद करणाऱ्या मुलीने वय लिहून घेतलं आहे. आता आतून हाक येईल तेव्हा ते वय मोठ्याने वाचलं जाईल, आणि बाकावर तिच्या शेजारी कोण बसलं आहे, हे तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

ती तीन वर्षं कुठली, याचं उत्तर तुम्हाला आज सुचेल. रात्री झोपायच्या आधीच सुचेल, आणि ते चांगलंही वाटेल. ते वहीत लिहून ठेवा, पण कादंबरीत आणू नका. दुसरं सुचेपर्यंत थांबा, मग तिसरं. आणि मला त्यातलं काहीही कळवू नका. पुढची पानं पाठवा.